थायमोमा: थायमस ग्रंथीची दुर्मीळ गाठ आणि पहिल्या ऑपरेशनआधीचे निर्णय

मुक्ता_

थायमोमा हे नाव ज्यांच्या घरात नुकतंच शिरलं आहे त्यांच्यासाठी हा धागा काढते आहे. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, ही गाठ झाली होती. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता तो त्याच्या कामावर जातो आणि तपासण्या चालू आहेत. मी डॉक्टर नाही. पण त्याची फाइल सांभाळण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे प्रत्येक कागद समजून घ्यावा लागला. इथे जाणकार मंडळी बरीच आहेत, त्यांनी भर घालावी, चुकत असेन तिथे सांगावं.

आधी ग्रंथीबद्दल. थायमस छातीच्या मधल्या हाडामागे, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या पुढ्यात असते. रोगप्रतिकारशक्तीतल्या टी पेशी इथे तयार होऊन बाहेर पडतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याच शरीरावर हल्ला करू शकतील अशा पेशी इथेच गाळल्या जातात. लहानपणी ती चांगली मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते आणि तिची जागा चरबी घेते. तिचं काम काय, हे 1961 साली जॅक मिलर यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. तोवर तिला निरुपयोगीच समजत असत.

आक्रसली तरी ती पूर्ण नाहीशी होत नाही. उरलेल्या आवरण पेशींतून जी गाठ वाढते ती थायमोमा. त्याहून आक्रमक प्रकार म्हणजे थायमिक कार्सिनोमा. दहा लाख लोकांत वर्षाला साधारण एक ते तीन जणांना ही गाठ होते. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या पुढचे, बाई-पुरुष जवळजवळ सारखेच. सहसा घराण्यातून येत नाही, आणि खाण्यापिण्याशी, व्यसनाशी, ताणाशी तिचा संबंध असल्याचं दिसलेलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण वहिनी कितीतरी दिवस "आपलंच काहीतरी दुर्लक्ष झालं" असं म्हणत राहिली. तसं काही नसतं.

ही गाठ सापडते कशी? पुष्कळदा भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत किंवा सीटीत. कधी खोकला, छातीत दडपण, दम लागणं. आणि कधी गाठ राहते बाजूला, बोलू लागतात ते स्नायू. दादाचं तसं झालं. संध्याकाळ झाली की त्याला एकाच्या दोन वस्तू दिसायच्या. चष्म्याचा नंबर बदलून झाला. मग फोनवर बराच वेळ बोललं की शेवटी शेवटी आवाज नाकात जायचा, आणि जेवताना तो हनुवटीला हाताचा टेकू द्यायला लागला, कारण चावून चावून जबडा दमायचा. सकाळी यातलं काहीच नसायचं, म्हणून कुणाला पटायचंही नाही. न्यूरॉलॉजिस्टनी त्याला नजर छताकडे लावून ठेवायला सांगितलं. मिनिटभरात डावी पापणी हळूहळू खाली आली, अगदी बुबुळ झाकेपर्यंत. त्यावर बर्फाची पिशवी ठेवली, थोड्या वेळाने काढली, तर पापणी पुन्हा वर. मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट न पोहोचल्यामुळे स्नायू वापरले की दमण्याचा आजार. रक्तात अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टरविरुद्धची (नसांचा निरोप झेलणाऱ्या स्नायूंवरच्या जागेविरुद्धची) अँटिबॉडी मिळाली आणि लगेच छातीचा सीटी सांगितला गेला, कारण मायस्थेनियाच्या दर शंभर रुग्णांत दहा ते पंधरा जणांना थायमोमा निघतो. उलट बाजूने पाहिलं तर थायमोमाच्या रुग्णांत तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त लोकांना मायस्थेनिया असतो.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. या आजारात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहिलं ऑपरेशन. गाठ पूर्ण निघाली, कडा मोकळ्या आल्या (म्हणजे कापलेल्या कडेशी गाठीच्या पेशी नसल्या), तर पुढचा सगळा हिशोब बदलतो. ही पहिली संधी जितकी चांगली साधते तितकी दुसऱ्यांदा साधत नाही, कारण तोवर आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात. म्हणून सर्जन, न्यूरॉलॉजिस्ट, कॅन्सरचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट यांनी ऑपरेशनच्या *आधी* एकत्र बसून निर्णय घ्यायला हवा. आम्हाला एका ठिकाणी आठवडाभरात ऑपरेशनची तारीख मिळत होती. न्यूरॉलॉजिस्टचं नावही त्या चर्चेत नव्हतं. आम्ही ती तारीख घेतली नाही, आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगते.

अनुष्का_र

मुक्ताताई, धागा अगदी वेळेवर आला. यांच्या सीटीत "अँटिरियर मेडियास्टिनममध्ये 4 सेमीची गाठ, थायमोमाची शक्यता" असं आलं आहे, म्हणजे छातीच्या मध्यभागी पुढच्या बाजूला. त्रास काहीच नाही, एका तपासणीत सहज सापडलं. उद्या सुईने बायोप्सी करू म्हणताहेत. करावी का? पापणी वगैरे काही पडत नाही.

क्ष_किरण

अनुष्का, मी रेडिओलॉजिस्ट आहे. फिल्म न पाहता तुमच्या रुग्णाबद्दल काही सांगणार नाही, पण डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडेल एवढं सांगतो.

त्या जागेत थायमोमाखेरीज इतरही गाठी होतात. लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींची गाठ), थायमसची साधी सिस्ट, कधी थायमसचीच सूज, कधी गळ्यातून खाली उतरलेली थायरॉइड. प्रत्येकाचा उपचार वेगळा. लिम्फोमाला औषधांनी बरं करतात, तिथे ऑपरेशनची गरजच नसते. त्यामुळे पहिला प्रश्न "बायोप्सी करायची का" हा नसून "यातलं काय असण्याची शक्यता जास्त आहे" हा आहे.

तरुण पुरुष रुग्ण असेल तर एएफपी आणि बीटा एचसीजी या जर्म सेल ट्यूमर ओळखणाऱ्या रक्ततपासण्या आधी. वजन उतरणं, रात्री घाम, ताप, इतरत्र वाढलेल्या गाठी, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम वाढलेलं, असं असेल तर लिम्फोमाचा विचार जोर धरतो आणि मग बायोप्सी हवीच. पण गाठ लहान, रेखीव कडांची, एका बाजूला, थायमसच्या जागीच, आजूबाजूला काही शिरलेलं नाही, रक्त ठीक, अशा वेळी जगभरचे मार्गदर्शक दंडक सांगतात की पूर्ण काढता येण्यासारखी गाठ असेल तर बायोप्सीशिवाय थेट ऑपरेशन करावं. गाठीचं कवच उगाच फोडू नये. बायोप्सी करावीच लागली तर सुईची वाट फुप्फुसाभोवतीच्या पोकळीतून जाऊ नये हे पाहतात, कारण थायमोमाला तिथे पसरायची सवय आहे.

आणखी एक गोष्ट रुग्णांना कुणी सांगत नाही. बी1 प्रकारच्या (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून पाडलेल्या प्रकारांतल्या एका) थायमोमात अपरिपक्व टी पेशी खच्चून भरलेल्या असतात. सुईतून आलेल्या एवढ्याशा तुकड्यात त्या दिसल्या की ल्युकेमियासारख्या लिम्फोमाचा भास होऊ शकतो. म्हणून अहवाल अनपेक्षित आला तर स्लाइड्स या विषयातल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. आणि लिम्फोमाची शंका असताना बायोप्सीआधी स्टेरॉइड सुरू झालं तर गाठ वितळून निदानच हातचं जातं, हेही लक्षात असू द्या.

शंका असेल तिथे एमआरआय खूप कामाचा. सीटीत घट्ट दिसणारी गाठ एमआरआयत पाण्याने भरलेली सिस्ट निघते, आणि थायमसची नुसती सूज असेल तर तिच्यातली चरबी एका विशिष्ट पद्धतीच्या एमआरआयत ओळखू येते. सिस्टसाठी आणि सुजेसाठी छाती उघडलेली मी पाहिली आहे, म्हणून कळकळीने लिहितो. पेट स्कॅनवर मात्र फार विसंबू नका. निरोगी थायमसही पेटमध्ये उजळतो.

अनुष्का_र

खूप खूप आभार. हे सगळं लिहून घेतलं. उद्या सही करण्याआधी विचारते.

पापणी

मी मायस्थेनियाची रुग्ण, अनेक वर्षांची. माझ्यात थायमोमा नव्हता, तरी थायमस काढली. 2016 साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, थायमोमा *नसलेल्या* 126 रुग्णांवरची. ज्यांची थायमस काढली त्यांचा अशक्तपणा कमी झाला आणि स्टेरॉइडही कमी लागलं. पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पापणी वर जाईल अशी आशा धरू नका. फरक पडायला महिने, कधी वर्षं लागतात. थायमोमात तर गाठ निघाल्यावरही औषधं बराच काळ चालू राहू शकतात, आणि काही जणांना मायस्थेनिया सुरूच ऑपरेशननंतर होतो. तेव्हा अनुष्का, आज पापणी पडत नाही म्हणून अँटिबॉडीची तपासणी टाळू नका. साधी रक्ताची तपासणी आहे.

औषधांचं सांगते. मायस्थेनियात काही नेहमीची औषधं स्नायू आणखी दुबळे करतात. जेंटामायसिन, अमिकासिन या गटातली प्रतिजैविकं, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, प्रोप्रानोलॉलसारखी बीटा ब्लॉकर्स, क्लोरोक्वीन, बोटॉक्स. यांतलं सगळं कायमचं वर्ज्य असं नाही, पण न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही. मी यादी पाकिटात ठेवते आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर "मायस्थेनिया ग्रेव्हिस" असं लिहिलेलं आहे. साध्या घशाच्या संसर्गासाठी कुणी लिहून दिलेली गोळी आपल्याला थेट आयसीयूत नेऊ शकते.

सुरुवातीला स्टेरॉइडचा मोठा डोस एकदम दिला तर पहिले काही दिवस अशक्तपणा वाढतोही. त्यामुळे घरच्यांनी गिळणं आणि श्वास यांच्यावर लक्ष ठेवावं.

भूलतज्ज्ञ_एक

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. माझ्या बाजूचं थोडं.

निदान न झालेला मायस्थेनिया ही आमच्यासाठी खरी धोक्याची गोष्ट. भूल देताना स्नायू शिथिल करणारी जी औषधं वापरतो, त्यांतल्या बऱ्याच औषधांची अगदी थोडी मात्राही या रुग्णांना पुष्कळ होते. आधी माहीत असेल तर मात्रा बेतून देता येते, यंत्रावर स्नायूंची प्रतिक्रिया मोजत राहता येते, उतारा तयार ठेवता येतो. माहीत नसेल तर रुग्ण ऑपरेशननंतर स्वतःचा श्वास घेऊ शकत नाही आणि व्हेंटिलेटरवर राहतो. मायस्थेनिया जोरात असेल तर ऑपरेशन पुढे ढकलून आधी इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी) किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार करतात. फुप्फुसांची ताकद फुंकून मोजतात. हे दिवस वाया गेले असं कुणी मानू नये.

दुसरं. गाठ मोठी असेल तर "उताणं झोपल्यावर दम लागतो का, खोकला येतो का" याचं उत्तर भूलतज्ज्ञाला खरं खरं सांगा. बसल्यावर ठीक असलेला रुग्ण आडवा झाल्यावर, स्नायू सैल पडल्यावर, गाठीच्या वजनाने श्वासनलिका दबू शकते. पेशंट उशांवर उशा रचून झोपत असेल तर ते आवर्जून सांगायचं. नातेवाईक हे सांगायचं विसरतात, कारण हळूहळू सवय झालेली असते.

विवेक_जी

धागा चांगला आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. "तारीख घेतली नाही", "थांबा, विचारा" हे वाचून लोक महिनोन्‌महिने दहा डॉक्टरांचे उंबरठे झिजवत बसतील. शेवटी कॅन्सर आहे हा. माझ्या ओळखीत एकांनी दुसरं मत, तिसरं मत करत गाठ फुप्फुसापर्यंत जाऊ दिली.

मुक्ता_

विवेक, आक्षेप रास्त आहे, म्हणून स्पष्ट करते. थायमोमा बहुतेक वेळा सावकाश वाढतो. अँटिबॉडी, एमआरआय, न्यूरॉलॉजिस्टची भेट, स्लाइड्सचं दुसरं वाचन, यासाठी काही आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही. महिने घालवायचे असं मी म्हणत नाही. आणि एक मत दुसऱ्यापेक्षा वेगळं आलं की तिसरीकडे धावण्याऐवजी त्या दोन डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगणं जास्त उपयोगी. आमच्याकडे ते एका फोनवर झालं.

काही लक्षणांत मात्र एक दिवससुद्धा थांबायचं नाही. चेहरा, मान, हात सुजणं, गळ्यावरच्या शिरा फुगणं, म्हणजे वरची महाशीर दबते आहे. पाणी गिळताना नाकातून येणं, बोलताना वाक्य पुरं न होणं, आडवं झाल्यावर श्वास न पुरणं, म्हणजे मायस्थेनियाचा झटका असू शकतो. तेव्हा तातडीने इमर्जन्सीत. आणि लक्षात ठेवा, अशा वेळी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडा शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो. आकडा 97 आहे म्हणून घरी बसू नका.

सुहास_पा

आईला बी3 प्रकार होता, फुप्फुसाच्या आवरणापर्यंत गेलेला. मोठं लिहितो आहे.

आधी प्रकार आणि टप्पा यांचा घोळ सोडवतो, कारण आमच्या घरी यावरून रडारड झाली होती. ए, एबी, बी1, बी2, बी3 हे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात त्यावरून पाडलेले प्रकार, जागतिक आरोग्य संघटनेचे. ए आणि एबी बहुधा शांत, बी3 जास्त त्रासदायक, कार्सिनोमा त्याहून. टप्पा म्हणजे गाठ कुठवर गेली. तो जुन्या मासाओका पद्धतीने (1981, पुढे 1994 मध्ये कोगा यांनी सुधारलेली) मोजतात आणि नव्या टीएनएम पद्धतीनेही. कवच फोडून शेजारच्या चरबीत गेलेली गाठ मासाओकात दुसऱ्या टप्प्याची, टीएनएममध्ये मात्र पहिल्याच. दोन अहवालांत दोन आकडे दिसले तर घाबरून जाऊ नका, पद्धत कोणती ते विचारा.

आईची गाठ लगेच काढण्यासारखी नव्हती. म्हणून आधी किमो. सिसप्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, ही थायमोमाची जुनी आणि अजूनही वापरातली तिकडी. गाठ लहान झाल्यावर ऑपरेशन, मग रेडिएशन. ऑपरेशन छातीचं हाड मधोमध उघडून केलं. दुर्बिणीतून का नाही म्हणून मी सर्जनशी वाद घातला होता. त्यांनी मला सीटीवर दाखवलं: गाठ शिरेला इथे चिकटली आहे, आणि या नसेवरून जाते आहे. ती फ्रेनिक नस, श्वासपटलाची. ती कापली गेली तर त्या बाजूचं पटल हलत नाही, आणि मायस्थेनिया असलेल्या माणसाला तेवढंही जड जातं. "आत हात घालून जे कळेल ते मला हवं आहे," असं ते म्हणाले. लहान, सुट्या गाठीसाठी दुर्बीण किंवा रोबोट उत्तमच आहे. छेद किती लहान यावर मात्र निर्णय घेऊ नये. गाठ अखंड, कवचासकट, उरलेल्या थायमससकट बाहेर आली पाहिजे.

ऑपरेशननंतर एक गोष्ट पाहून या सर्जनबद्दलचा विश्वास वाढला. काढलेला गोळा त्यांनी डब्यात टाकून पाठवला नाही. एका पाटीवर तो शरीरात जसा होता तसा पसरून टाचला, वरची बाजू, हृदयाकडची बाजू, शिरेकडची बाजू अशा खुणा केल्या, आणि मग पॅथॉलॉजीला दिला. थायमस मऊ असते, लोळागोळा झाली की कोणती कड कुठली हे सांगता येत नाही. "कड मोकळी" की "कडेशी पेशी आहेत" या एका ओळीवर रेडिएशन द्यायचं की नाही ते बरंचसं ठरतं, म्हणून ही काळजी.

काही वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणावर दोन ठिपके दिसले. थायमोमा परत येतो तेव्हा बहुधा तिथेच. ते पुन्हा ऑपरेशन करून काढले. आई आज घरात हिंडतीफिरती आहे. परत आला म्हणजे संपलं, असं या आजारात नसतं.

अनामिका_७

सुहास, एक विचारू? माझ्या बाबांची गाठ निघाली, कडा मोकळ्या होत्या. पण त्यानंतर सतत सर्दी, सायनस, दोनदा न्यूमोनिया. हिमोग्लोबिनही खाली जातंय. डॉक्टर म्हणतात वय झालं. थायमोमाशी याचा काही संबंध?

सुहास_पा

असू शकतो, अनामिका. वयावर सोडून देऊ नका. इम्युनोग्लोब्युलिनची पातळी तपासा. थायमोमासोबत ती घसरते, त्याला गुड सिंड्रोम म्हणतात, रॉबर्ट गुड यांनी 1954 साली वर्णन केलेला. गाठ काढल्यावरही ती पातळी सहसा वर येत नाही, बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, पण दिलं की संसर्ग खूप कमी होतात. अशा रुग्णांना जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत. आणि हिमोग्लोबिन उतरत असेल तर रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) सांगा करायला. तो अगदी कमी असला तर अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनणंच थांबलेलं असू शकतं, तोही थायमोमाचा ओळखीचा सोबती. लोहाच्या गोळ्यांनी तो हलत नाही, रक्तविकारतज्ज्ञ लागतो.

क्ष_किरण

सुहास यांना +1. भर एवढीच की पाठपुराव्याचा सीटी काढताना फुप्फुसांच्या अगदी तळापर्यंत, आवरणाचा खालचा कोपरा येईल इतका घ्यायला सांगा. पेशी वजनाने खाली उतरून तिथे रुजतात. आणि जुना सीटी सोबत न्या. एकटा सीटी वाचणं आणि मागच्याशी ताडून वाचणं यात फार अंतर आहे.

निरंजन_म

सगळं कळलं, पण मूळ प्रश्न राहतोच. एवढ्या दुर्मीळ गाठीचा अनुभव असलेला डॉक्टर शोधायचा कसा? आमच्या सर्जननी आयुष्यात अशी एक केस पाहिली आहे, आणि ते प्रामाणिकपणे तसं म्हणालेही.

मुक्ता_

असं प्रामाणिकपणे सांगणारे डॉक्टर धरून ठेवा, निरंजन. तेच तुम्हाला योग्य ठिकाणी पाठवतील.

आम्ही कसं शोधलं ते सांगते. मोठ्या नावाच्या इमारतीपेक्षा तिथे छातीच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे का, न्यूरॉलॉजी त्याच छताखाली आहे का, आणि ट्यूमर बोर्ड (वेगवेगळ्या तज्ज्ञांची एकत्र बैठक) भरतो का, हे पाहिलं. सर्जनना सरळ विचारलं: तुम्ही थायमसची ऑपरेशनं नेमाने करता का? गाठीबरोबर पूर्ण ग्रंथी आणि भोवतालची चरबी काढणार ना? शिरेला चिकटलेली निघाली तर रक्तवाहिन्यांचे सर्जन उपलब्ध असतील का? दुर्बिणीने सुरू केलं आणि अडलं, तर छाती उघडायचा निर्णय कशावर घ्याल? एकाने हे प्रश्न ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्यांनी कागद ओढून चित्र काढून समजावलं. आम्ही दुसऱ्यांकडे गेलो.

जवळ असं ठिकाण नसेल तरी मत मात्र मिळवता येतं. थायमसच्या गाठींवर काम करणाऱ्यांचा एक आंतरराष्ट्रीय गट 2010 पासून आहे, आयटीएमआयजी. त्यात ज्यांची नावं दिसतात ते या विषयात मुरलेले लोक आहेत. फ्रान्समध्ये रिदमिक नावाचं देशव्यापी जाळं आहे, तिथे थायमसच्या गाठींच्या केसेसवर तज्ज्ञ एकत्र बसून सल्ला देतात. युरोपात दुर्मीळ कॅन्सरसाठी युराकॅन आहे. मतासाठी रुग्णाला घेऊन जायची गरज सहसा नसते, फाइल गेली तरी पुरते. त्यासाठी छापील फिल्मऐवजी सीटीची मूळ डिजिटल फाइल मागून घ्या, पॅथॉलॉजीच्या स्लाइड्सबरोबर मेणाचे ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागा, आणि ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशन नोट. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळींतून बाहेरच्या तज्ज्ञाला काही कळत नाही.

आणि एक: तुमचे स्थानिक डॉक्टर सोडायचे नाहीत. मत तज्ज्ञाकडून, उपचार शक्य तिथे जवळ. रेडिएशन आणि किमोसाठी दररोज लांब जाणं रुग्णाला झेपत नाही.

विवेक_जी

हे पटलं. माझा आक्षेप मागे घेतो.

पल्लवी_स

थायमिक कार्सिनोमाबद्दल कुणी लिहील का? बहिणीला तो आहे. आणि इम्युनोथेरपीची (रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध उठवणाऱ्या औषधांची) जाहिरात सगळीकडे दिसते, ती यात चालते का?

सुहास_पा

पल्लवी, आईच्या वेळी याची बरीच चौकशी केली होती. कार्सिनोमात पसरलेल्या अवस्थेत सहसा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलने सुरुवात करतात. पुढे लेनव्हाटिनिब, सुनिटिनिब अशा गोळ्या आहेत. इम्युनोथेरपी कार्सिनोमात काही रुग्णांना लागू पडते, पण थायमसचे रुग्ण या औषधांना वेगळे वागतात. हृदयाच्या स्नायूला सूज, यकृताला सूज, नव्याने मायस्थेनिया, असे गंभीर परिणाम इतर कॅन्सरपेक्षा इथे जास्त दिसले आहेत. थायमोमात तर ती सहसा टाळतातच. बहिणीला कुणी सुचवली तर आधी अँटिबॉडी तपासल्या का, हृदयाची तपासणी कशी करत राहणार, हे विचाराच. ताई कुठल्या टप्प्यात आहेत ते निरोपात कळवा, आमच्याकडचे प्रश्नांचे कागद पाठवतो.

अनुष्का_र

इथे सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी बायोप्सी केली नाही. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनीच केस ट्यूमर बोर्डात ठेवली. रक्त सगळं ठीक, पण अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, त्रास काही नसताना! एमआरआयत गाठ घट्टच आहे, सिस्ट नाही. आता न्यूरॉलॉजिस्टनी पाहिलं आहे, भूलतज्ज्ञांना कळवलं आहे, आणि थेट ऑपरेशन ठरलं आहे. दुर्बिणीतून सुरू करतील. पापणी, तुमच्यामुळे ती तपासणी झाली. माझा एकच प्रश्न: सगळं निघालं आणि कडा मोकळ्या आल्या, तर मग किती काळ तपासण्या?

मुक्ता_

अनुष्का, फार बरं वाटलं वाचून.

तपासण्या लांबवर चालतात. पहिली दोन वर्षं साधारण सहा महिन्यांनी सीटी, मग दरवर्षी, थायमोमात दहा वर्षांपर्यंत. कार्सिनोमात सुरुवातीला जास्त जवळून, कारण तो परतला तर लवकर परततो. थायमोमा उलट उशिरा, अगदी दहा वर्षांनीसुद्धा परतू शकतो. गाठ कवचात होती, पूर्ण निघाली, की पुष्कळ जण दोनतीन वर्षांनी येणंच बंद करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या वर्गीकरणानंतर तर कुठलाही प्रकार, अगदी ए सुद्धा, निर्धोक धरत नाहीत. तेव्हा दरवर्षीची तारीख आत्ताच कॅलेंडरात टाकून ठेवा.

कडा मोकळ्या आणि गाठ कवचातच असेल तर रेडिएशन लागत नाही. दादाची शेजारी शिरलेली होती म्हणून त्याला दिलं.

ऑपरेशनच्या दिवशी यांच्या उशाशी औषधांची यादी आणि मायस्थेनियाचा कागद असू द्या, रात्रपाळीच्या सिस्टरना हातात दाखवा. पायरिडोस्टिग्मिन (मायस्थेनियाचं औषध) चालू केलं असेल तर त्याच्या वेळा चुकू देऊ नका, आणि तोंडाने घेता येत नसेल तेव्हा काय करायचं ते न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घ्या. घरी येताना ऑपरेशन नोटची प्रत मागायची. पॅथॉलॉजीचा अहवाल आला की त्यात प्रकार, टप्पा आणि कडा या तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत ना ते बघ, आणि इथे लिही. क्ष_किरण आणि सुहास आहेतच.